कुस्करलेली भाकरी

कडवेमाळावर कुणाच्या तोंडात किती दात शिल्लक आहेत हे विचारायची पद्धत नव्हती. विचारून करायचं काय? गाव गुळाचं. ऊस तयार झाला की गुऱ्हाळं पेटायची, आणि गुऱ्हाळ पेटलं की रांगतं पोरसुद्धा काकवीचं बोट चोखत बसायचं. दुधाचे दात यायचे ते काळे पडायलाच. गाल सुजायचा, रात्ररात्र रडणं चालायचं, शाळा बुडायची, आणि शेवटी दात पडला की शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकायचा, विषय संपला. मोठ्यांचं त्याहून सोपं. चाळिशीत दाढा जायच्या, पन्नाशीत समोरचे. बायका तोंडावर पदर धरून हसायच्या आणि लोक म्हणायचे, बघा कशी लाजते. लाजते कसली, पदराआड झाकण्याजोगं काही उरलेलंच नसायचं.

म्हणून आरोग्य उपकेंद्राच्या नसीमताई मुल्लाणी जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र पिशवीत घालून घरोघरी फिरायला लागल्या, ‘आ करा’ म्हणत कापसाची काडी गालांतून फिरवायला लागल्या, तेव्हा गावानं आधी त्यांची चेष्टाच केली. एका म्हाताऱ्यानं खिशातली कवळी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, तपासा. नसीमताईंनी ती तपासल्यासारखी केली, धुऊन परत दिली आणि पुढच्या घरी गेल्या. वीस वर्षं त्या या गावाला सुया टोचत आल्या होत्या, त्यांना असल्या चेष्टेचं काही वाटत नव्हतं.

वैजयंताच्या घरात त्या आठवड्यात उष्टावणाची गडबड होती. लेक स्वरूपा बाळंतपणाला माहेरी आलेली. लग्नानंतर सात वर्षांनी झालेली तिची ऊर्मी आता सहा महिन्यांची झाली होती. बाळाला पहिला घास भरवायचा तो आजोळी, मामाच्या हातनं. हा रिवाज काही २०४८ साल उजाडलं म्हणून बदलला नव्हता. अडचण एवढीच की ऊर्मीला मामा नव्हता. म्हणजे होता, इंद्रजित, घरातला जितू. पण तो पाच वर्षांचा असतानाच गेला होता, स्वरूपा जन्मायच्याही आधी.

भावकीतला एखादा चुलत मामा पाटावर बसवावा असं वैजयंताच्या मनात होतं. स्वरूपा म्हणाली, कशाला? तिची पणजी, माझी आजी, भरवेल. घरात सगळ्यांत मोठी तीच आहे.

वैजयंता तांदूळ पाखडत होती. तिचा हात थांबला.

“त्या हातानं नाही,” ती म्हणाली. “माझ्या एका लेकराला त्या हातानं भरवलंय, तेवढं पुरे झालं.”

आता हे ऐकणाऱ्याला वाटेल, बाई फार कडू. तशी ती नव्हती. नवरा हिंदुराव गुळव्या, काहिलीतला पाक नुसत्या वासावरून ओळखणारा माणूस. सहा वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा तिनं एकटीनं गुऱ्हाळ चालवलं, कामगारांच्या पोरांना दुपारचं जेवण घातलं, कुणाच्या अडीनडीला नाही म्हटलं नाही. फक्त परसातल्या खोलीत राहणाऱ्या सासूच्या बाबतीत तिच्या मनाला गाठ बसलेली होती, आणि ती चौतीस वर्षं सुटलेली नव्हती.

झालं होतं ते असं. जितूच्या खालच्या दाढा तीन वर्षांचा असतानाच किडल्या. सगळ्यांच्याच पोरांच्या किडायच्या, त्यात वेगळं काय. पाचव्या वर्षी त्याचा गाल सुजला. घरच्यांनी गालगुंड म्हणून सुंठ उगाळून लावली, दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सूज गळ्याखाली उतरली आणि पोराला गिळता येईना. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दाढ काढली, पू काढला, पण विष रक्तात गेलेलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी जितू गेला. एका दाढेनं गेला. गावात कुणाला पटेना की दातानं माणूस मरतो.

दवाखान्यातला दातांचा डॉक्टर तरुण होता. तो सासूला, सगुणाबाईला, आत बोलावून काहीबाही विचारत होता. ती बाहेर आली आणि वैजयंतासमोर उभी राहून म्हणाली, पोराला कुणी चावून घास भरवला की त्या तोंडातले किडे पोराच्या तोंडात जातात असं डॉक्टर म्हणतात, आणि मी भरवत होते. एवढंच बोलली. वैजयंतानं त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. स्वरूपा झाली तेव्हा तिनं बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा सासूला ओलांडू दिला नाही. सगुणाबाईनं ओलांडायचा प्रयत्नही केला नाही. आपलं अंथरूण उचललं आणि परसातल्या खोलीत गेली.

कर्तव्याला मात्र वैजयंता चुकली नाही. सगुणाबाईच्या तोंडात एकही दात नव्हता. मिशरीनं हिरड्या खाल्ल्या होत्या आणि उरलेले दात बाजारच्या दिवशी बसणाऱ्या एका माणसानं पकडीनं उपटले होते. त्यामुळे दोन्ही वेळेला वैजयंता वाडग्यात दूध घ्यायची, भाकरी कुस्करून त्यात भिजवायची, गार झाली का हे बघायला चिमूटभर स्वतःच्या तोंडात घालायची आणि वाडगा खोलीच्या उंबऱ्यावर ठेवून माघारी फिरायची. फुकटच्या शिबिरात सगुणाबाईला एकदा कवळी मिळत होती. ती नको म्हणाली. टोचेल, म्हणाली, तोंडात घालूनसुद्धा बघितली नाही. वैजयंताला वाटलं, म्हातारीचा हट्ट, आपल्याला दोन्ही वेळा राबवायचा.

नसीमताई या घरी आल्या त्या स्वरूपाच्या बोलावण्यावरून. सोप्यात बसून त्यांनी समजावलं. नुकत्या जन्मलेल्या पोराच्या तोंडात दात किडवणारा जंतू नसतोच. त्याला बसायला टणक जागा लागते, हिरडीवर नि जिभेवर त्याचा पाय ठरत नाही. दात फुटले की त्याला घर मिळतं, आणि त्या घरात तो येतो भरवणाऱ्याच्या तोंडातून. उष्टा चमचा, चाखून दिलेला घास, चावून मऊ केलेली भाकरी. त्यावर गोड पडलं की जंतू त्याचं आम्ल करतो आणि ते आम्ल दात पोखरतं. नुसत्या गुळानं दात किडतो हे अर्धंच खरं. गूळ म्हणजे पाणी, बी आधी कुणीतरी पेरलेलं असतं. कडवेमाळावर दहा पोरांत आठांचे दात किडलेले निघाले होते, आणि त्या आठांच्या आयांचेही.

आता शास्त्रज्ञांनी त्याच जातीतला एक जंतू असा घडवला होता की त्याला आम्ल करताच येत नाही. पहिला दात फुटायच्या सुमाराला त्याचे थेंब हिरडीवर चोळायचे. दात वर येताच हा जागा धरतो आणि जन्मभर दुसऱ्याला बसू देत नाही. सरकारी नाव सौम्या. गावानं नाव ठेवलं गरीब गाय. अट एकच, तो नीट रुजेपर्यंत जुना जंतू पोराच्या तोंडात जाता कामा नये. म्हणून भरवणाऱ्या प्रत्येकाची तपासणी. ज्याची चिठ्ठी लाल येईल त्यानं चौदा दिवस औषधाच्या चुळा भरायच्या, आणि तोवर पोराच्या ताटाजवळ बसायचं नाही.

“आणि कुणाचा जंतू कुणाकडून आला तेही यातनं कळतं,” नसीमताई यंत्रावर हात ठेवून म्हणाल्या.

ते कसं, हे स्वरूपानं विचारलं. नसीमताईंनी लग्नपत्रिकेचं उदाहरण दिलं. पत्रिकेत नवऱ्याच्या आजोबांचं नाव चुकीचं छापलं, तर तिच्यावरून काढलेल्या प्रत्येक झेरॉक्सवर तीच चूक येते. जंतूही पिढ्यानपिढ्या स्वतःच्या प्रती काढत राहतो आणि त्याच्या आत अशा बारीक चुका साठत जातात. दोन तोंडांतल्या चुका जुळल्या की दोघांची मूळ पत्रिका एकच. किडलेल्या दाताच्या पोकळीत मेलेला जंतूसुद्धा अडकून राहतो, आणि तोही वाचता येतो, कितीही वर्षांनी.

वैजयंता इतका वेळ भिंतीला टेकून गप्प ऐकत होती. ती उठली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कुंकवाचा जुना पितळी करंडा होता. त्यात कापसात गुंडाळलेली एक एवढीशी काळी दाढ होती. दवाखान्यातून तेवढीच परत मिळाली होती. कौलावर दात फेकतात तो नवा यावा म्हणून, इथं नवा येणार नव्हता, म्हणून तिनं ती फेकली नाही. चौतीस वर्षांत ती दाढ तिनं नवऱ्याच्याही हातात दिली नव्हती.

ती म्हणाली, ही तपासा आणि परसात बसलीये तिचंही तोंड तपासा. मग माझ्या लेकीलाच सांगा, हिच्या पोरीला कुणाच्या हातनं भरवायचं ते.

नसीमताईंनी करंडा हातात घेतला नाही. त्या म्हणाल्या, वैजूताई, विचार करा, दाताची पूड करावी लागते, परत मिळणार नाही. स्वरूपानंही आईचा दंड धरला. आई, नको. मी पणजीला बोलावत नाही, झालं? चुलतमामा बसू दे. पण वैजयंता आता ऐकणारी नव्हती. इतकी वर्षं जे मनात धरलं ते एकदा कागदावर यावं, लेकीनं ते वाचावं, एवढंच तिला हवं होतं.

“घ्या,” ती म्हणाली.

सगळ्यांच्या तोंडातून काड्या फिरल्या. सगुणाबाईनं परसात बसल्या जागी निमूट आ केला. कशासाठी हेसुद्धा तिनं विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी नसीमताई आल्या त्या पिशवी न घेता. पाणी दिलं ते प्यायल्या नाहीत. स्वरूपाला म्हणाल्या, तू बाळाला घेऊन आत जा. स्वरूपा गेली नाही. मग त्यांनी सरळ सांगून टाकलं. आजींची चिठ्ठी हिरवी आहे. त्यांच्या तोंडात हा जंतू नाही, आणि तोंड असं बिनदातांचं कधीपासून आहे असं मी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, जितू जन्मायच्या आधीपासून. दात नाहीत, कवळी नाही, म्हणजे जंतूला बसायला जागाच नव्हती. त्या काळातही नव्हती.

“मग?” वैजयंता म्हणाली.

“दाढेतला जंतू तुमच्याशी जुळतो, वैजूताई. स्वरूपाचाही तुमच्याशीच जुळतो.”

नसीमताई बराच वेळ बोलत राहिल्या. त्या काळात गावात कुणालाच माहीत नव्हतं. आया असंच भरवायच्या, तुम्हालाही तुमच्या आईनं असंच भरवलं असणार, तिला तिच्या आईनं. त्यात पाप नाही. नुसत्या जंतूनं पोर जात नाही, काकवी होती, दवाखाना लांब होता, गालगुंड समजून दोन दिवस गेले. सगळं खरं होतं. वैजयंताच्या कानात त्यातलं काही शिरलं नाही. तिला दिसत होतं ते गुऱ्हाळाचं चुलवाण, आणि त्यात चिपाडं सारताना घामानं चिंब झालेली पंचवीस-सव्वीस वर्षांची ती स्वतः. दुपारी दहा मिनिटं सवड मिळायची. वर्षाचा जितू चिकटायला यायचा. भाकरी असायची सकाळची, कडक झालेली. ती घास तोंडात घालायची, चावून मऊ करायची आणि बोटानं काढून त्याच्या तोंडात द्यायची. तो पाखराच्या पिल्लासारखा आ करून वाट बघायचा. हे तिला आठवत नव्हतं असं नाही. आठवायची कधी गरजच पडली नव्हती, कारण दोष घ्यायला दुसरं कुणीतरी उभं राहिलं होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत तिनं रोजच्यासारखं वाडग्यात दूध घेतलं. भाकरीचा तुकडा मोडला. तो बोटांत कुस्करताना तिचे हात थांबले. रोज दोन वेळा, चौतीस वर्षं, ती या बाईची भाकरी कुस्करत आली होती, कारण या बाईला चावता येत नव्हतं. जिला स्वतःचा घास चावता येत नाही तिनं पोराला चावून काय भरवलं असणार? एवढी साधी गोष्ट. हातांना रोज कळत होती आणि डोक्याला एकदाही कळली नाही.

मग ती वाडगा घेऊन परसात गेली. सगुणाबाई खोलीच्या दारात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. वैजयंता आज उंबऱ्यापाशी थांबली नाही, आत जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसली. म्हातारीनं चमकून वर पाहिलं.

“आत्याबाई, जितूला चावून कोण भरवायचं?”

सगुणाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. “आता कशाला त्ये,” ती म्हणाली.

“तुम्हाला दात नव्हते.”

“न्हवते.”

“मग दवाखान्यात मी म्हणून कशाला सांगितलंत?”

सोललेले दाणे सगुणाबाईनं एका बाजूला केले, सालं दुसऱ्या बाजूला. मग म्हणाली, “तू भाईर बसलीवतीस, त्याला मांडीवर घिऊन. काय केल्या सोडत न्हवतीस. डाक्टर म्हनला, ह्येला चावून कोन भरवायचं? मी म्हनलं, मी. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. पोरगा शाना हुता, गप बसला. तुला कळलं असतं तर तू हिरीत उडी टाकली असतीस, वैजू. घरातलं एक गेलं हुतं. दुसरं कसं घालवू?”

वैजयंताला रडूही येईना. तिनं विचारलं, मग नंतर का नाही सांगितलं. सगुणाबाई म्हणाली, तिला वाटलं होतं वर्ष-दोन वर्षांत सुनेचा राग निवेल, मग कधीतरी सांगू. मग स्वरूपा झाली. सून पहिल्यांदा हसायला लागली. एकदा परसातून तिचं हसणं ऐकू आलं, तेव्हा म्हातारीनं ठरवलं, आता राहू दे. मोजत होते पहिली पाच-सहा वर्षं, म्हणाली, मग मोजायचं सोडलं.

“आणि कवळी?” वैजयंता म्हणाली. “ती तरी घालायची होती.”

“कवळी घातली असती तर भाकरी कुस्कराय तू आली असतीस व्हय?” सगुणाबाई म्हणाली. “तेवढंच तर तुझं येनं हुतं.”

हे ऐकलं आणि वैजयंतानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारीचा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला. त्या हाताला पावट्याचा हिरवा वास येत होता. माफ करा म्हणायचं तिच्या ओठांवर होतं, पण चौतीस वर्षांना पुरेल असा शब्द तिला सापडेना. सगुणाबाईच म्हणाली, उठ, दूध निवतंय. तिच्या बोलण्यात राग नव्हता, कुरकुरही नव्हती. इतकं सगळं सोसून ही बाई अशी सहज बोलते, हे वैजयंताला सहन होईना.

मग सगुणाबाईनं विचारलं, हे आज कसं कळलं तुला? वैजयंतानं दाढेचं सांगितलं. करंड्यात होती, यंत्राला दिली, जुळली.

“दाढ ठिवलीवतीस तू?” सगुणाबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम बदलला. “जितूची? आन कुठाय?”

“नाही आता. पूड केली तिची.”

सगुणाबाई तिच्याकडे बघत राहिली. चौतीस वर्षांचा दोष पोटात घालून जिचा चेहरा हलला नव्हता, त्या म्हातारीची हनुवटी थरथरायला लागली. बिनदातांचं तोंड उघडलं, मिटलं. तिनं दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे केले आणि ती त्या रिकाम्या ओंजळीकडेच बघत राहिली.

“तेवढं एक हुतं की गं त्याचं,” ती म्हणाली. “एकदा माझ्या हातात द्यायची हुतीस.”

आणि ती रडली. लहान पोरासारखी, आवाज काढून रडली. जितू गेला तेव्हा तिला रडायला मिळालं नव्हतं. ज्या घरात दोष तिच्या नावावर होता तिथं तिनं कुठल्या तोंडानं रडायचं? वैजयंता तिला धरून बसली. स्वतःच्या हट्टापायी, या बाईला दोषी ठरवण्यासाठी, आपण लेकराची शेवटची खूणही दळून टाकली, हे तिला आता पुरतं कळलं होतं. दोघींमध्ये वाडगा पडून राहिला आणि दुधावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नसीमताईंनी चुळांची एक बाटली स्वरूपाला दिली आणि एक वैजयंताला. वैजयंतानं पहिली चूळ भरली तेव्हा औषध तिखट लागलं, हिरड्या चुरचुरल्या. ज्यानं आपलं पोर नेलं ते आपण चौतीस वर्षं तोंडात पाळलं, असं तिच्या मनात आलं. आणि जितूच्या तोंडात जे जिवंत होतं त्यातलं जगात उरलेलं एवढंच, आपल्या आणि लेकीच्या तोंडातलं, असंही मनात आलं. तिनं डोळे मिटले आणि चूळ मोरीत टाकली.

उष्टावण रविवारी झालं. म्हणजे चुळांचा तिसराच दिवस. सोप्यात पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, चांदीच्या वाटीत तांदळाची खीर केली. ऊर्मीचे वडील, त्यांच्याकडची माणसं, भावकी, सगळे जमले. नसीमताईंनी आधी बाळाच्या हिरडीवर थेंब चोळले. खालच्या हिरडीत एक दात नुकता वर येत होता, तांदळाच्या कणीएवढा. मग स्वरूपा परसात गेली आणि पणजीला हाताला धरून घेऊन आली. भावकीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मामाच्या पाटावर सगुणाबाई बसली. नेसायला वैजयंतानं तिला स्वतःची ठेवणीतली पैठणी दिली होती.

वैजयंता सोप्याच्या दाराशी होती, उंबऱ्याच्या बाहेर. तिची चिठ्ठी अजून लालच होती. तिनंच नसीमताईंना सांगितलं होतं की मी ताटाजवळ येणार नाही.

सगुणाबाईनं बोट खिरीत बुडवलं आणि ते हवेतच राहिलं. नातवंडाला घास भरवायचं तिच्या आयुष्यात राहूनच गेलं होतं. जितू असताना तो आईलाच चिकटलेला असायचा, आणि स्वरूपाच्या वेळी तिला कुणी जवळ येऊ दिलं नव्हतं. जे केल्याबद्दल ती चौतीस वर्षं शिक्षा भोगत होती ते ती आज पहिल्यांदा करत होती. तिनं दाराकडे पाहिलं. वैजयंतानं मान हलवली. भरवा, आत्याबाई.

“ह्यो तुझ्या मामाचा घास,” सगुणाबाई म्हणाली आणि तिनं बोट बाळाच्या ओठांना लावलं.

ऊर्मीनं ते बोट धरलं आणि चोखायला लागली. मग हसली, तोंडभर. सगुणाबाईही हसली, तिनं तोंडावर पदर घेतला नाही. कुणीतरी म्हणालं, बघा, दोघींत मिळून एक दात. सोपा हसला. ताटापासून लांब उभी राहून स्वरूपा हसता हसता डोळे पुसत होती.

“वैजू, तूबी ये की,” सगुणाबाईनं आतून हाक मारली.

“नको आत्याबाई,” वैजयंता म्हणाली. “मी इथंच बरी आहे.”

आत पंगतीची तयारी सुरू झाली. वैजयंतानं उंबऱ्याबाहेर बसून वाडगा पुढे घेतला. सासूला पंगतीतलं काही चावणार नव्हतं. तिनं ऊन ऊन दूध ओतलं, भाकरी मोडली, बोटांनी कुस्करली, अगदी बारीक केली. गार झाली का बघायला तिची चिमूट सवयीनं ओठांपर्यंत गेली आणि तिथं थांबली. तिनं हात खाली घेतला. वाडगा तिनं मनगटाला लावून बघितला, आणि भाकरी निवेपर्यंत ती तशीच बसून राहिली.